कोडेमास्तरांच्या सूचना

मास्तर म्हणत सगळे, पण त्यांनी आयुष्यात कुणाला एक धडा शिकवला नव्हता. ते एका वर्तमानपत्रात मुद्रितशोधक होते. दुसऱ्यांनी लिहिलेल्या मजकुरातल्या चुका काढायच्या आणि स्वतः एक ओळ लिहायची नाही, अशी ती नोकरी. स्वभावही नोकरीला साजेसा. नाकासमोर चालणार, खिशात लाल पेन ठेवणार, आणि कुणाच्या लग्नाची पत्रिका हातात आली तरी आधी त्यातल्या चुका शोधणार, मग नवरी कोण ते बघणार. अशा माणसाला लोक कोडेमास्तर म्हणायला लागले ते नोकरीच्या सहाव्या वर्षी. शब्दकोडं करणारे गृहस्थ एकाएकी काम सोडून गेले, शेवटच्या पानाचा कोपरा रिकामा पडला, आणि संपादकांनी समोर प्रूफ घेऊन उभ्या असलेल्या या माणसाला विचारलं, "तुला शब्द बरेच येतात. जमेल का?" जमेल, म्हणाले. नाही म्हणायची त्यांना सवयच नव्हती.

निम्मं काम त्यांना खरंच जमलं. कागदावर अकरा बाय अकराची चौकट आखायची, काळी घरं पेरायची आणि आडवे-उभे शब्द असे बसवायचे की एकही अक्षर उपरं वाटू नये, यात मास्तरांचा हात धरणारा कुणी नव्हता. पण नुसते शब्द बसवले म्हणजे कोडं होत नाही. प्रत्येक शब्दाला सूचना लागते, आणि तिथे मास्तरांचं घोडं अडलं. उंबरठ्याला ते लिहायचे, "दाराच्या चौकटीचे खालचे लाकूड". कुलपाला लिहायचे, "दार बंद करण्याचे साधन". दुसऱ्याच आठवड्यात एका वाचकाचं पोस्टकार्ड आलं: हे कोडं आहे की शब्दकोश? संपादकांनी ते कार्ड मास्तरांच्या टेबलावर आणून ठेवलं.

मास्तरांनी ते घरी आणून शब्दकोशाखाली दडपलं. रविवारी दुपारी बायको त्याच टेबलावर इस्त्री करायला आली. तिनं शब्दकोश सरकवला, कार्ड वाचलं आणि हसली.

"हसायला काय झालं?"

"बरोबर लिहिलंय की त्यांनी."

"मग तू सांग. बोलायला काय जातं? उंबरठा."

तिनं बाहीवरून एकदा इस्त्री फिरवली. "घरातलाच, पण ना आत ना बाहेर."

मास्तरांनी पेन उचललं. "कुलूप?"

"मालक बाहेर गेला की हा कामावर."

"चष्मा?"

"हरवला तर शोधायलाही हाच लागतो," असं म्हणून तिनं पुढचा शर्ट घेतला.

त्या दुपारी सातही दिवसांच्या सूचना झाल्या. कपडेही झाले. पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. ती जेमतेम अकरावी शिकलेली बाई. लिहायचं म्हटलं तर वाण्याची यादी नाहीतर बहिणीला पत्र. पण घरातल्या एकेका वस्तूकडे आणि एकेका माणसाकडे ती असं बघायची की वस्तूलाच बोलावंसं वाटावं. रजा: "मागावी लागते, मिळाली की संपते." माहेर: "पत्ता तोच, पण आता पाहुणी." या माहेरच्या सूचनेवर इतकी पत्रं आली की शिपाई म्हणाला, मास्तर, आता पिशवी घेऊन येत जा. नवरा या शब्दाला तिनं सांगितलं होतं, "पहिल्या हाकेला ऐकू येत नाही." मास्तरांनी तेही निमूटपणे लिहून घेतलं, कारण ती सूचनाही त्यांना दुसऱ्या हाकेलाच ऐकू आली होती.

कोड्याखाली नाव छापून यायचं: कोडेमास्तर. पहिल्या वर्षी मास्तरांच्या मनात अनेकदा आलं की संपादकांना सांगावं. साहेब, चौकट माझी, सूचना घरच्या. पण संपादक कामात असायचे, मग पुढच्या आठवड्यात बघू, मग दिवाळी अंकाचे दिवस यायचे, कुणालाच वेळ नसायचा. बायकोनंही कधी विषय काढला नाही. सकाळी पेपर आला की ती आधी शेवटचं पान उघडायची, आपल्या सूचना नीट छापल्यात ना बघायची आणि चहा ठेवायला आत जायची. तेवढ्यानं तिचं भागतं, असं मास्तरांनी ठरवून टाकलं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात, तसं झालं. पण पंचवीस वर्षं त्याच बिळात राहिल्यावर नागोबालाही वाटायला लागतं की खोदलं आपणच.

माणूस वाईट नव्हता, हे मला मुद्दाम सांगायचंय. वाईट असता तर गोष्ट सोपी होती.

कोड्याला पंचवीस वर्षं झाली तेव्हा पेपरानं मास्तरांचा सत्कार ठेवला. सभागृह भाड्यानं घेतलं होतं. चारशे खुर्च्या, आणि त्या भरल्या, हे विशेष. मास्तर कोट घालून स्टेजवर. बायको तिसऱ्या रांगेत, मांडीवर मास्तरांची पिशवी आणि पिशवीत त्यांची खोकल्याची बाटली. पितळी पट्टी ठोकलेली लाकडी पाटी त्यांना दिली, टाळ्या झाल्या, आणि मग श्रोत्यांतून एका तरुणानं उभं राहून विचारलं, "मास्तर, या सूचना तुम्हाला सुचतात कशा?"

प्रश्न साधा होता. उत्तर तिसऱ्या रांगेत बसलं होतं. मास्तर माईकपाशी आले, घसा खाकरला आणि म्हणाले, "त्यासाठी एकांत लागतो. रविवारी दुपारी मी खोलीचं दार लावून घेतो. घरातल्या कुणालाही आत यायची परवानगी नाही. घरच्यांनी एवढी वर्षं मला ती शांतता दिली, हे त्यांचे उपकारच म्हणायचे."

लोकांनी दाद दिली. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, दुसरं काय. पंचवीस वर्षांत कधी खोटं न बोललेला माणूस माईक दिसल्यावर बोलून गेला, आणि टाळ्या पडल्यामुळे त्याला ते खोटं वाटलंही नाही. परतताना टॅक्सीत बायकोनं बाटली काढून दिली. "घसा बसलाय तुमचा," एवढंच म्हणाली.

पुढच्या रविवारी मास्तरांनी नेहमीसारखी चौकट पुढे ओढली आणि म्हणाले, "हं. पहिला आडवा. पायरी."

ती टेबलावर चादर घालत होती. तिनं चादर परत काढली, घडी घातली, इस्त्रीची वायर गुंडाळली आणि सगळं उचलून आतल्या खोलीत गेली. जाताना म्हणाली, "तुमचा एकांत मोडायला नको." आणि दार लावून घेतलं. आदळलं नाही, नुसतं लावलं.

दोन आठवड्यांचा साठा नेहमी तयार असायचा, म्हणून मास्तर निर्धास्त होते. राग आहे, उतरेल. दोन आठवडे गेले. घरात बाकी सगळं जिथल्या तिथे होतं. जेवण वेळेवर, बोलणं सरळ, शेजाऱ्यांकडे जाणं-येणं दोघांचं मिळून. फक्त रविवारची दुपार गेली. माफी मागावी असं मास्तरांना वाटायचं, पण माफी मागायची तर कशाची ते सांगावं लागतं, आणि ते शब्द काही त्यांच्या तोंडून निघेनात. साठा संपला तेव्हा त्यांनी कपाट उघडलं. पहिल्या दिवसापासूनचं प्रत्येक कोडं त्यांनी कापून वह्यांत चिकटवलं होतं. त्यांनी वीस वर्षांपूर्वीचं एक कोडं घेतलं, त्यातले आडवे शब्द उभे केले, उभे आडवे केले, सूचनांचे क्रमांक त्याप्रमाणे बदलले आणि छापायला दिलं. कुणाच्या बापालाही कळलं नाही.

म्हणजे एकीला कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोनं शेवटचं पान उघडलं, बराच वेळ बघितलं आणि पेपर घडी घालून ठेवला. त्यानंतर तिनं शेवटचं पान कधी उघडलं नाही.

अशी सात वर्षं गेली. मास्तर मधेच नोकरीतून निवृत्त झाले, पण कोडं घरून चालू राहिलं. पेपरची पानं मात्र एकेक करून गळत होती. आधी बारा, मग दहा, मग आठ. लोक सकाळी दार उघडून पेपर उचलायचं सोडून उशाचा मोबाइल उचलायला लागले होते. मग एक दिवस पेपरातल्या डिजिटल विभागाच्या मुलीचा फोन आला. तिशीची, चटपटीत. बोलायला अदबशीर. "सर, आम्ही तुमची सगळी कोडी मोबाइलवर आणतोय. पहिल्यापासूनची. पण ऑफिसात जुने अंक नीट राहिलेले नाहीत हो. तुमच्याकडे काही आहे का?"

काही आहे का! मास्तरांची छाती दोन इंच फुगली. बत्तीस वह्या होत्या, वर्षाला एक. त्यांनी त्या पुसल्या, पाठीवर साल लिहिलेले कागद नव्यानं चिकटवले आणि दोन खेपा करून स्वतः ऑफिसात नेऊन दिल्या. कॉम्प्युटर नुसता फोटो काढून ठेवतो, अशी त्यांची समजूत. तो वाचतो, लक्षात ठेवतो आणि ताडूनही बघतो, हे त्यांच्या गावीही नव्हतं. पावती घेऊन ते समाधानानं घरी आले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

तीन आठवड्यांनी मुलीनं बोलावून घेतलं. पूर्वी जिथे प्रूफं तपासणारे सहा जण बसायचे, त्या जागी आता काचेची खोली होती. तिनं दार लावलं, खुर्ची दिली, पाणी दिलं. मग पडदा त्यांच्याकडे वळवला. डावीकडे एक कोडं, उजवीकडे एक कोडं, आणि मधे एकातून दुसऱ्यात गेलेल्या लाल रेघा. तिनं बोटानं पडदा सरकवला. पुन्हा दोन कोडी, पुन्हा रेघा. ती सरकवत राहिली.

"सर, शेवटच्या सात वर्षांत नवीन असं काहीच नाही," ती हळू आवाजात म्हणाली. "फक्त आडवं-उभं बदललंय. मी वर कुणाला दाखवलेलं नाही अजून."

मास्तरांनी लाल पेन खिशातून काढलं आणि परत खिशात ठेवलं.

"थकला असाल तर सांगायचं होतंत. आणि त्यावर उपाय आहे. हे बघा, चौकट आता कॉम्प्युटर करतो. पाच सेकंदांत. तुम्हाला ती आखायचीही गरज नाही." तिनं बटण दाबलं, आणि खरंच, मास्तरांना जिला अडीच तास लागत ती चौकट पडद्यावर येऊन बसली. सगळी अक्षरं जागच्या जागी. "त्याला फक्त सूचना जमत नाहीत. आम्ही करून बघितलं. शब्दकोश वाचल्यासारखं वाटतं. तेवढ्या तुम्ही द्या, सर. लोक त्यासाठीच तर कोडी सोडवायचे."

बत्तीस वर्षांपूर्वीचं ते पोस्टकार्ड मास्तरांच्या डोळ्यांपुढे आलं. जे काम त्यांचं होतं ते यंत्रानं घेतलं होतं, आणि जे यंत्राला जमत नव्हतं ते त्यांचं कधी नव्हतंच. "आठवडा द्या," ते म्हणाले. मुलीनं वीस शब्द छापून दिले.

चार दिवस मास्तर त्या वीस शब्दांपुढे बसले. दोरी: "बांधण्यासाठी वापरतात ती". खिडकी: "हवा व उजेड येण्याची जागा". पाचव्या दिवशी रविवार आला. आतल्या खोलीत इस्त्री चालू होती. मास्तर कागद घेऊन आत गेले, कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले आणि स्वतःशीच बोलल्यासारखं मोठ्यानं म्हणाले, "खिडकी... खिडकीला काय बरं म्हणावं?"

इस्त्री फिरत राहिली.

"दोरी पण अवघडच आहे म्हणा."

"ताकाला येऊन भांडं कशाला लपवताय?" ती म्हणाली. वर बघितलं नाही.

मग मास्तरांनी सगळं सांगितलं. वह्या, लाल रेघा, काचेची खोली, आठवड्याची मुदत. "एवढे वीस शब्द सांग. तुझं नाव घालतो या वेळी. मोठ्या अक्षरात घालतो."

तिनं इस्त्री उभी करून ठेवली. "म्हणजे शब्द अडले म्हणून आलात. मला वाटलं, सात वर्षांनी का होईना, दुसरं काही बोलायला आलात."

मास्तरांनी शब्दांचा कागद घडी घालून खिशात ठेवला.

"नाव मला तेव्हाही नको होतं हो. कोण ओळखतं मला बाहेर? तुम्ही तिथे उभे होतात. त्या पोरानं विचारलं, आणि मला वाटलं, आता हे इकडे बघतील. नाव घेऊ नका, काही बोलू नका, पण एकदा तिसऱ्या रांगेकडे बघतील. नुसतं बघितलं असतंत तरी मी जन्मभर सूचना दिल्या असत्या." तिचा आवाज चढला नाही, पण हात शर्टावर एकाच ठिकाणी फिरत होता. "आणि वर मी दाराबाहेर. तुमची शांतता राखणारी."

"चुकलं माझं," मास्तर म्हणाले. सात वर्षं घशात अडकलेले शब्द ते, आणि निघाले ते इतके लहान.

"असू दे आता. पण सूचना नाही देता येणार. रागानं म्हणत नाही, खरंच नाही येत. पहिलं वर्षभर यायच्या. भांडी घासताना, भाजी निवडताना. मी आतल्या आत गिळायची. मग हळूहळू यायच्याच थांबल्या. आता खिडकी म्हटलं की मला खिडकीच दिसते." तिनं इस्त्री पुन्हा उचलली. "बैल गेला आणि झोपा केला, तसलं झालंय हे."

आपण एक गोष्ट चोरली एवढंच मास्तरांना आजवर वाटत होतं. ती मारलीही, हे त्यांना त्या दुपारी कळलं, आणि त्यांना फार लाज वाटली.

सोमवारी सकाळी ते काचेच्या खोलीत गेले आणि वीस शब्दांचा कागद परत दिला. मुलीला पहिल्या पोस्टकार्डापासून सगळं सांगितलं, माईकवर काय बोलले तेही. ती ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, "सर, कोडं आता थांबवू, पण हे तुम्ही वाचकांना सांगा. शेवटच्या कोड्यासोबत छापू आपण."

मास्तरांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचा मजकूर लिहिला. आठ ओळी. चौकटी माझ्या होत्या. सूचना माझ्या बायकोच्या होत्या, पहिले दोन आठवडे सोडून शेवटच्या खऱ्या सूचनेपर्यंत. सात वर्षं मी तिच्याच जुन्या सूचना फिरवून दिल्या. सत्काराच्या दिवशी मी खोटं बोललो. ज्या गोष्टीसाठी तुम्ही मला पत्रं लिहिलीत, ती मला कधीच येत नव्हती. त्यांनी ते चार वेळा तपासलं. एकही चूक नव्हती. घरी बायकोला वाचून दाखवलं. "वरातीमागून घोडं," ती म्हणाली, पण कागद हातात घेऊन तिनं पुन्हा एकदा स्वतः वाचला, आणि मास्तरांना वाटलं, कदाचित अजून फार उशीर झाला नसेल.

गुरुवारी ते छापून आलं. मोबाइलवरही आलं. दुपारपर्यंत त्याखाली दोनशेच्या वर लोकांनी लिहिलं होतं. मास्तरांना मोबाइलवर वाचायची सवय नव्हती, म्हणून बायकोच वाचायला बसली.

"'मास्तर, केवढा हा विनय! आजकाल अशी माणसं कुठे राहिली?'" तिनं वाचलं. बोटानं वर सरकवलं. "'एवढी कीर्ती मिळूनही सगळं श्रेय बायकोला. डोळ्यांत पाणी आलं.' 'मोठा माणूस नेहमी स्वतःला लहान म्हणतो.' 'सर, तुम्ही कितीही नाकारलंत तरी आम्हाला माहितेय.'"

"अगं, पण मी स्पष्ट लिहिलंय. साधं, सरळ."

"लिहिलंय हो. 'ही मास्तरांची शेवटची आणि सर्वांत सुंदर सूचना.' याला शंभर बदाम आलेत." तिनं पुन्हा बोट सरकवलं. "आणि हे. 'वहिनी भाग्यवान.' असं बघा... एक, दोन... तेवीस जणांनी लिहिलंय."

मास्तरांनी मोबाइल ओढून घेतला. एका बोटानं, अक्षर अक्षर शोधत लिहिलं: हा विनय नाही. खरं आहे. कृपया विश्वास ठेवा. पाठवलं. मिनिटाभरात त्याखाली हात जोडल्याची चित्रं यायला लागली. नमस्कार मास्तर. धन्य आहात मास्तर. मास्तर बघत होते आणि चित्रं येत होती.

"ठेवा तो," बायको म्हणाली. "किती केलंत तरी कौतुक तुमचंच व्हायचं." ती चिडली नव्हती. हसलीही, बत्तीस वर्षांपूर्वी पोस्टकार्ड वाचून हसली होती तशी जरा. मग उठली, वाळलेल्या कपड्यांचा ढीग उचलून आणला आणि सात वर्षांत पहिल्यांदा बाहेरच्या टेबलावर चादर घातली, कारण आतल्या खोलीतला दिवा गेला होता.

मास्तर समोर बसले. टेबलावर चौकट नव्हती, पेन नव्हतं. त्यांनी मान वर करून तिच्याकडे बघितलं आणि बघत राहिले. ती कॉलर दाबत होती. तिचं लक्ष नव्हतं.